पत्त्याच्या पट्टीतला नवरदेव

श्याम इंगळे यांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नव्हतं आणि वेबसाइटही केली नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात आपल्या हातून होणार आहेत, असं दोन हजार आठ सालच्या संक्रांतीला कुणी सांगितलं असतं, तर श्यामरावांनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवून त्याला वाटेला लावलं असतं.

अकोल्याच्या जठारपेठेत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. क्लास म्हणजे घराची पुढची खोली. दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी होती आणि ती क्लासच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात होती, कारण धुळीमुळे कॉम्प्युटर आजारी पडतो यावर श्यामरावांची देवाइतकी श्रद्धा होती. त्या पाटीखाली चपला काढून एक दिवस रामराव आत आले. रामराव हे अकोटच्या सर्वधर्मीय सामूहिक विवाह समितीचे अध्यक्ष. दरवर्षी एकाच मांडवात मंगलाष्टकं, निकाह आणि त्रिशरण असं सगळं पार पाडणारी ही समिती, आणि या सगळ्यावर रामरावांचं मोठ्या आवाजात लक्ष.

"श्यामभाऊ, आपल्याले वेबसाइट पाह्यजे," खुर्चीत बसता बसताच ते म्हणाले. "पुण्या-मुंबईत बसलेला माणूस आपले पोट्टे-पोट्ट्या पाह्यन. पहिल्या पानावर माहा फोटो टाकजा. दुसऱ्या पानावरबी टाकला तं माही हरकत नाई."

ज्याला येतं तो माणूस अशा वेळी विचार करून सांगतो. श्यामरावांना येत नव्हतं, म्हणून ते लगेच हो म्हणाले. अर्थात त्यामागे एक कारण होतं. त्या कारणाचं नाव सूर्यभान.

सूर्यभान हा त्यांचा धाकटा भाऊ. आईबरोबर हिवरखेडला राहायचा, घरची शेती करायचा. कपाशी, तूर आणि कडेला संत्र्याची झाडं, तीही मुलासारखी वाढवलेली. बी.ए. झालेला, निर्व्यसनी, दिसायला उजवा. पण ते दिवस असे होते की वर्तमानपत्र उघडलं की वऱ्हाडातल्या शेतीची बातमी पहिल्या पानावर, आणि ती चांगली कधीच नसायची. त्यामुळे मुलींच्या बापांनी आपसात न ठरवताही एक नियम ठरवला होता. जावई शिपाई चालेल, कंपाउंडर चालेल, 'नोकरी लागणार आहे' असं नुसतं म्हणत फिरणाराही चालेल, शेती करणारा नको. बैठकीत पोहे यायचे, चहा यायचा, मग कुणीतरी विचारायचं, "मुलगा काय करते?" सूर्यभान सांगायचा, "शेती." त्यानंतर यजमानांना एकदम आठवायचं की मुलीला अजून पुढे शिकायचंय.

बरं, थोडं गोल सांगावं म्हटलं तर सूर्यभानला तेही चालत नसे.

"दादा, लिहाचं असन तं शेतीच लिहा," त्यानं वेबसाइटचं ऐकल्याबरोबर सांगितलं. "नाई आली एकही पोरगी तं नाई आली. इंजिनेर लिहून आणली अन् थे वावरात येऊन उभी राह्यली, तं मी काय तिले नकाशा दाखवू?"

आई, म्हणजे गोदाबाई, रविवारी फोन करून एवढंच विचारायच्या, "झालं का रे?" त्या लग्नाचं विचारतात की वेबसाइटचं, हे त्यांना विचारायची श्यामरावांची हिंमत होत नसे. दोन्हीचं उत्तर सारखंच होतं.

तर श्यामराव एक जाडजूड पुस्तक आणून बसले. वेबसाइटचा एक विचित्र स्वभाव त्यांना तेव्हा कळला. एका पानाला दुसऱ्या पानाची ओळख नसते. पहिल्या पानावर नाव-गाव लिहून 'पुढे' दाबलं, की दुसरं पान तुमच्याकडे असं बघतं की जणू तुम्ही आत्ताच दारात आलात. लग्नाच्या बैठकीत उशिरा आलेल्या प्रत्येक मामाला मुलाची माहिती पहिल्यापासून सांगावी लागते, तसंच प्रत्येक पानाला सगळं परत सांगावं लागतं. ते कसं सांगायचं याचे बरेच मार्ग पुस्तकात होते. श्यामरावांनी त्यातला पहिला उचलला, कारण पुढची प्रकरणं वाचायच्या आत भारनियमनाची वेळ झाली.

या भारनियमनानंच सगळा घोटाळा केला असं श्यामराव पुढे कित्येक दिवस सांगत असत. दिवसातून किती वेळा लाइट जाईल हे महावितरणलाही माहीत नसावं. शेजारच्या गल्लीत साजिदचं सायबर कॅफे होतं, तिथे वेबसाइट चालवून बघायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी साजिद तक्रार घेऊन दारात.

"सर, तुमच्या वेबसाइटवर माणूस अर्धा भरते अन् लाइट जाते. मग उरलेला अर्धा घेऊन घरी जाते बिचारा. सब लोग मलेच शिव्या देऊन राहिले."

श्यामरावांनी यावर जो तोडगा काढला तो त्यांना आजही थोडासा आवडतो. त्यांनी माणसाची सगळी माहिती पत्त्याच्या पट्टीतच टाकली. पडद्याच्या वरच्या बाजूला वेबसाइटचा पत्ता असतो ना, त्याच ओळीत पुढे इंग्रजी अक्षरांत नाव, गाव, उंची, शिक्षण, व्यवसाय, अपेक्षा. या पानावरून त्या पानावर सगळं पट्टीतूनच जायचं. यूपीएस ची-ची करू लागला, की गिऱ्हाइकानं ती ओळ भराभर कागदावर उतरवून घ्यायची. लाइट आली की तीच ओळ टाइप करायची, गाडी जिथे थांबली तिथून पुढे. शेवटच्या पानावर सुंदर वेलबुट्टीची चौकट, चौकटीत पट्टीतली माहिती, आणि खाली समितीचा गोल शिक्का: 'तपासून प्रमाणित'. शिक्का रामरावांच्या आग्रहानं आलेला, आणि तो आपोआप उमटायचा. पट्टीत कुणी काय लिहिलंय हे शिक्का कधीच विचारत नसे. मूळ नोंद वेबसाइटच्या पोटात वेगळी, नीट ठेवलेली होती. पण शेवटचं पान तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं, कारण माहिती हाताशी असताना आत कशाला जायचं, असं श्यामरावांना वाटलं होतं.

अकोटला कापसाच्या एका जिनिंगच्या आवारात उद्घाटन झालं. रामरावांनी कळ दाबली आणि लाइट गेली. यूपीएस बोंबलू लागला. श्यामरावांनी शांतपणे ओळ कागदावर उतरवली, जनरेटर सुरू झाल्यावर टाइप केली, आणि पडद्यावर सूर्यभानचं पान चौकटीसकट, शिक्क्यासकट अवतरलं. व्यवसाय: शेती. टाळ्या झाल्या. विजेवर मात करणारा माणूस म्हणून श्यामरावांना शाल आणि नारळ देण्यात आला. नारळाची त्याच आठवड्यात चटणी झाली, ही घाई पुढे नडली.

आता पंजाबराव. श्यामरावांचे शेजारी, एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन सोयरिकी जुळवायचे. जुळवण्याचे काही घेत नसत; लग्नात पहिल्या पंगतीला बसवावं एवढीच अपेक्षा. जिल्ह्यातलं असं गाव नव्हतं जिथे त्यांनी घंटी मारली नव्हती, आणि असं घर नव्हतं जिथलं वाढतं पोर त्यांच्या डोक्यात नव्हतं. आपल्याकडे सोयरिकीची माहिती हातोहात जाते, आणि ज्याच्या हातात येते तो तिला थोडं तेल-पाणी करून पुढे देतो. यात खोटं बोलल्याची भावना कुणाला नसते. पाहुण्याच्या ताटात न विचारता वाढतात, तितकं हे आपुलकीचं काम आहे.

तर पंजाबराव साजिदच्या कॅफेत सूर्यभानचं पान बघत होते.

"पाच फूट पाच इंच? इतका बुटका नाई बावा आपला सूर्यभान."

"काका, ते वेबसाइटवर आहे. ते बदलत नाही," साजिद म्हणाला.

"काहून नाई बदलत? हे काय वर लिवलेलं." पंजाबरावांनी एका बोटानं पट्टीतला पाच खोडला, सात लिहिला आणि कळ दाबली. पान परत आलं. पाच फूट सात इंच, खाली शिक्का, तपासून प्रमाणित. आयुष्यभर तोंडानं जे सांगावं लागलं त्यावर एकदाचा शिक्का बसताना पंजाबराव बघत होते.

त्यांनी त्या पानाच्या प्रिंटा काढून एसटीनं ठिकठिकाणी धाडल्या. प्रिंटच्या तळाशी बारीक अक्षरात ती पट्टीतली ओळ छापून येत असे. पातूरला ज्यांच्याकडे कागद गेला त्यांनी कॅफेत जाऊन ती ओळ टाइप केली, आणि एवढ्या लांबून आलेल्या मुलाला मोकळ्या हातानं कसं पाठवायचं म्हणून 'शेती'च्या जागी 'कृषी' केलं. ते काही खोटं नव्हतं. त्यांच्या अकोटच्या मावसभावानं 'कृषी'पुढे 'खाते' जोडलं, ते वाक्य पूर्ण व्हावं म्हणून. मूर्तिजापूरला कुणीतरी खात्यात आहे म्हणजे अधिकारीच असणार असा समंजस विचार केला. बडनेऱ्यात बी.ए.चं बी.ई. झालं. सूर्यभान रोज पहाटे हिवरखेडला वावरात जात होता आणि त्याच वेळी एसटीच्या मार्गानं टप्प्याटप्प्यानं बढती घेत होता. उंचीचं तर विचारू नका, प्रत्येक थांब्यावर कुणी ना कुणी इंचभर हात लावत होतं.

एक दिवस अमरावतीहून फोन आला. "मी साईनगरमधून भगवंतराव बोलतो. तुमच्या भावाचं स्थळ आमच्या रागिणीसाठी पसंत आहे. पुढच्या रविवारी इंजिनिअर साहेबांना घेऊन या."

श्यामरावांनी फोन ठेवला आणि दारातच उकिडवे बसले. आधी त्यांना वाटलं राँग नंबर असावा. मग वाटलं, आपल्याला आणखी एक भाऊ असावा. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली आणि पाटी न वाचता, चपलांसकट रामराव आत आले. त्यांच्या हातात एक प्रिंट होती.

"हे काय हाये?"

श्यामरावांनी वाचलं. नाव रामराव. वय सव्वीस. अविवाहित. अपेक्षा: सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष. फोटो अध्यक्षांचाच, तो तर प्रत्येक पानावर होताच. खाली शिक्का: तपासून प्रमाणित.

"कोण्या तरी पोट्ट्यानं मस्करी केली," रामराव म्हणाले. त्यांचा आवाज एरवीपेक्षा खूप लहान होता. "पण घरी मंडळी म्हणते, समितीचा शिक्का हाये म्हणजे अध्यक्षाले माहीत असनच. कालपासून मले जेवाले कोणी विचारलं नाई. श्यामभाऊ, रविवारपर्यंत हे नीट नाई झालं, तं वेबसाइट बंद. अन् ते शाल-नारळबी परत."

शाल देता आली असती.

श्यामराव तडक पंजाबरावांकडे गेले. पंजाबराव ओट्यावर शेंगा सोलत होते. त्यांना काहीच लपवायचं नव्हतं.

"मी फक्त दोन इंच वाढोले. इंजिनेर मी नाई केला."

"पण काहून वाढवले काका?"

"श्यामभाऊ, मी तोंडानं सांगतलं असतं तं तुमाले चाललं असतं न? मंग? मी तोंडानं सांगतो थेच लिवलं. तुमची वेबसाइट लिवू देते, तं आमी का नाई म्हणाचं? कुलूप लावाचं होतं."

श्यामरावांना वाईट वाटलं ते याचं, की यावरचं उत्तर पुस्तकात पुढच्या प्रकरणात होतं. शिवाय सूर्यभानला काय सांगायचं? त्यानं एकच गोष्ट मागितली होती आणि नेमकी तीच गावोगाव खोडली गेली होती. आता खरं सांगितलं तर अमरावतीचं दार लागणार, आणि खरं न सांगावं तर भाऊ तोंड बघणार नाही.

घरी येऊन त्यांनी दरवाजा लावला आणि दुरुस्तीला बसले. पट्टीतली सगळी माहिती काढून त्यांनी ती पानाच्या आतच अशी लपवून ठेवली, की वाचणाऱ्याला दिसू नये पण पुढच्या पानाला मिळावी. पंजाबरावांना बोलावून आणून समोर बसवलं. पंजाबरावांनी पट्टी वर-खाली बघितली, चष्मा पुसून बघितली, आणि खिन्नपणे म्हणाले, "गेलं बावा." श्यामरावांना एवढा आनंद शाल घेतानाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. "सर, मी रागिणी बोलते आहे. अमरावतीची."

श्यामराव फोनसमोर उभे राहिले.

"तुमच्या भावाचे बरेच कागद आले आहेत आमच्याकडे," ती म्हणाली. "बाबांना माणसं आणून देतात, आणि प्रत्येक कागदात तुमचा भाऊ वेगळा आहे. एकात पाच-सात आहे, एकात सहा फूट. खाली पत्ता छापलेला आहे, त्यावरून कळलं की सगळी माहिती पट्टीतून जाते. मी वेबसाइटचंच काम करते सर, इथे एका कंपनीत. म्हणून आज परत बघितलं, तर तुम्ही ती पानात लपवली आहे."

"हो, कालच," श्यामराव अभिमानानं म्हणाले.

"तीही दिसते सर. पानावर माउसची उजवी कळ दाबून मागची बाजू उघडली की सगळं समोर येतं, आणि बदलताही येतं. मी आत्ताच तुमच्या भावाला पंतप्रधान केलं. शिक्का आला खाली."

श्यामराव बसले.

"पण मी वेगळ्याच कामासाठी फोन केला," रागिणी म्हणाली. "कागदांचं जाऊ द्या. मूळ नोंद तुमच्याकडे आत कुठे तरी असेल ना, त्यांनी स्वतः भरलेली? तिच्यात व्यवसायासमोर काय आहे?"

श्यामरावांना ती नोंद उघडायची गरज नव्हती. त्यांच्यासमोर एका बाजूला गोदाबाईंचं 'झालं का रे?' होतं आणि दुसऱ्या बाजूला तो धाकटा भाऊ, जो एका शब्दासाठी आजपर्यंत बिनलग्नाचा राहिला होता. एक शब्द फिरवला की रविवारी पोहे मिळणार होते. फिरवायला पट्टीसुद्धा लागणार नव्हती, तोंडच होतं.

"शेती," ते म्हणाले. "शेतीच लिहिलं आहे त्यानं. बी.ए. आहे, पाच फूट पाच इंच. बाकी सगळं लोकांनी प्रेमानं घातलेलं आहे. तुम्हाला तसदी झाली, माफ करा."

"बरं," रागिणी म्हणाली. "मग आता लिहून घ्या. तुमच्याकडे क्लासमध्ये मुलं येतात ती चपला कुठे ठेवतात?"

"बाहेर. तशी पाटी आहे."

"आणि मोठ्या कार्यक्रमात? चपला हातात घेऊन आत कुणी फिरत नाही. स्टँडवर ठेवतो आणि बिल्ला घेतो. तसंच करायचं. माणसाची माहिती आपल्याकडे आत ठेवायची, त्याच्या हातात फक्त बिल्ला द्यायचा. पुढचं पान बिल्ला बघेल आणि माहिती आतून काढेल. बिल्ल्यावर काही खरडलं तरी आतल्या चपला बदलत नाहीत."

"आणि लाइट गेली तर?"

"लाइट गेली तरी चपला स्टँडवरच असतात सर. आल्यावर बिल्ला दाखवायचा."

एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपण अख्ख्या वऱ्हाडाला चपला हातात घेऊन फिरवलं, हे कळून श्यामरावांना भरून आलं. त्यांनी त्या दिवशी, जेव्हा जेव्हा लाइट होती तेव्हा, तसं केलं. आणि बिल्ल्यांना नंबर दिले: एक, दोन, तीन, चार. दुसऱ्या दिवशी पंजाबराव कॅफेत बसले, पट्टीत त्यांचा बिल्ला सोळा दिसत होता. कंडक्टरकीची सवय, सोळा नंतर सतरा कुठे उतरतो हे बघितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. सतरा लिहून त्यांनी कळ दाबली आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरत असलेल्या हिवरखेडच्या मास्तरांची सगळी माहिती त्यांच्यासमोर आली. पंजाबरावांनी ती मोठ्यानं वाचली. मास्तर शेजारीच होते. साजिदला मध्ये पडावं लागलं.

"सर, आता ये क्या नवीन?" साजिदनं फोनवर विचारलं. मागून मास्तरांचा आवाज येत होता.

श्यामरावांनी लाज गुंडाळून पुन्हा अमरावतीला फोन लावला. रागिणी हसली नाही, किंवा फोन बाजूला धरून हसली असेल. "बिल्ल्यांचे नंबर ओळीनं नाही द्यायचे सर. लांबलचक, कुणाला अंदाज न लागणारे द्यायचे. उठताना बिल्ला परत घ्यायचा, नाहीतर त्या खुर्चीवर पुढे बसणारा तुमच्या चपला घालून जाईल. आणि शिक्का फक्त आतल्या नोंदीवर उमटू द्या."

शुक्रवारी ते सगळं झालं. शेवटचं पान आता मूळ नोंद आतून आणून दाखवत होतं. शिक्का खऱ्यावरच बसत होता. रामराव आपल्या सौभाग्यवतींना घेऊन कॅफेत आले, तिथे उपवर मुलांत त्यांचं नाव कुठेच सापडलं नाही, तेव्हा घरी त्यांना वरण-भात मिळाला. शाल श्यामरावांकडेच राहिली.

रागिणीनं शनिवारी एकच मागितलं: भावाचं नवीन पान. श्यामरावांनी ते पाठवलं. पाच फूट पाच इंच, बी.ए., शेती.

आणि तरीही रविवारचं बोलावणं रद्द झालं नाही. श्यामराव सूर्यभानला घेऊन अमरावतीच्या एसटीत बसले. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. मूर्तिजापूरला गाडी थांबली. सूर्यभान म्हणाला, "इथीच अधिकारी झालतो न मी?" आणि खिडकीतून बाहेर बघू लागला. श्यामरावांना कळेना की तो रागावलाय की हसतोय.

साईनगरात पोहे आले, चहा आला. भगवंतरावांच्या समोर टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. त्यांचा चेहरा काही पोहे देणाऱ्याचा नव्हता.

"इतके लोक सांगतात इंजिनिअर आहे," ते म्हणाले. "पोरगी म्हणते नाही. तुम्हीच सांगा, काय करता?"

"शेती," सूर्यभान म्हणाला.

श्यामरावांनी सवयीनं चहाकडे बघितलं.

भगवंतरावांनी गठ्ठा चाळला, सगळ्यात वरचा कागद काढला, वाचला, सूर्यभानकडे बघितलं. मग चक्क उठून त्याच्या शेजारी उभे राहिले, उंची डोळ्यांनी मोजली आणि परत बसले. "या एका कागदात आहे तेवढाच आहे हा," ते रागिणीला म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्यासाठी आतापर्यंत जी स्थळं पाहिली त्यात असं एकदाही झालं नाही."

"म्हणूनच बोलावलं बाबा," रागिणी म्हणाली. मग ती सूर्यभानकडे वळली. "एक आधीच सांगते. मी माझं काम सोडणार नाही."

"मीबी नाई सोडत," सूर्यभान म्हणाला.

श्यामरावांनी डोळे मिटून घेतले.

"माझ्या कामाला लाइट लागते," रागिणी म्हणाली. "इंटरनेट लागतं. हिवरखेडला लाइट असते?"

"मोटरलेबी लाइट लागते," सूर्यभान म्हणाला. "गेली का मी बांधावर बसून तिची वाट पाह्यतो. तुमीबी बसजा. आली का दोघं कामाले लागू."

रागिणी हसली. मग भगवंतराव हसले, आणि मग आतून चहाची दुसरी फेरी आली. अशी फेरी श्यामरावांनी भावासाठी इतक्या घरांत वाट बघूनही कधी पाहिली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते चहाच्या वाफेवर ढकललं.

त्या उन्हाळ्यात समितीच्या मांडवात सूर्यभान आणि रागिणीचं लग्न झालं. गोदाबाईंनी रविवारी फोन करणं बंद केलं, कारण विचारायला काही उरलं नाही. पहिल्या पंगतीत पंजाबरावांना बसवलं, आणि श्यामरावांनी स्वतः त्यांना जिलेबी वाढली. वाढता वाढता त्यांच्या मनात आलं, की या माणसानं ते दोन इंच वाढवले नसते तर अमरावतीला एकच कागद गेला असता, त्यावर 'शेती' असतं, आणि भगवंतरावांनी तो वाचून बाजूला ठेवला असता. एवढ्या खोट्यांचा गठ्ठा गेला म्हणून तर त्या मुलीनं खरं काय आहे ते विचारलं. पातूरचे, अकोटचे, मूर्तिजापूरचे, बडनेऱ्याचे, ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांबद्दल श्यामरावांना इतकी कृतज्ञता वाटली, की त्यांनी जिलेबीचं ताटच पंजाबरावांसमोर ठेवलं.

वेबसाइटमध्ये मग त्यांनी एक शेवटची सुधारणा केली. कुणी पट्टीत हात घालून काही बदलायला गेलं, तर पुस्तकातल्या सूचनेप्रमाणे 'चुकीची विनंती' असं लाल अक्षरात यायचं. श्यामरावांनी ते काढून टाकलं आणि बराच वेळ विचार करून दुसरं लिहिलं.

महिन्याभरानं पंजाबराव कॅफेत बसले होते. पातूरच्या एका मुलाला थोडी उंची हवी होती. त्यांनी पट्टीत नेहमीप्रमाणे भर घातली, कळ दाबली, आणि पडद्यावर वेलबुट्टीच्या चौकटीत अक्षरं आली:

'आपण सुचवलेला बदल करता येत नाही. आपण दाखवलेल्या आपुलकीबद्दल आम्ही आपले आजन्म ऋणी आहोत.'

खाली श्यामरावांनी मुद्दाम उमटवलेला गोल शिक्का होता, तपासून प्रमाणित.

पंजाबरावांनी ते दोनदा वाचलं. मग साजिदला म्हणाले, "याची प्रिंट काढ बावा. जाड कागदावर." आता ती प्रिंट त्यांच्या ओट्यावरच्या भिंतीला काचेच्या चौकटीत लावलेली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती दाखवतात आणि सांगतात, "हे आमच्या श्यामभाऊनं माह्यासाठी लिवलं."

आणि ते खरंच आहे. त्यात कुणाला काही बदलायची गरज नाही.